माप

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं काउंटरवर पट्टे मांडले,
मिठाईवाला पेढ्यांचे नमुने मांडतो तसे.
नायलॉनचा, खाकीला जुळणारा.
साखळीचा, ओढला की आवळणारा.
आणि एक काटेरी, आतल्या अंगाला दात.
"ह्योच घ्या मॅडम. कसलंबी कुत्रं आठवड्यात लायनीवर."
मी तो स्वतःच्या डाव्या हातावर चढवला
आणि उजव्यानं ओढला,
रोज ओढते तेवढाच.
चार खळगे उठले.
पोलीस लाइनीत पोचले तरी बुजले नव्हते.

जिप्सी, वय अडीच, काम: स्फोटकं हुंगणं.
नवरात्रात देवळाच्या चारी दरवाजांतून
दिवसातून सहा वेळा जाते,
नारळ, कापूर, ओल्या चपला, बायकांची पर्स
सगळ्यांवरून नाक फिरवत.
सरकारी हार्नेसनं तिच्या काखेतले केस गेलेत.
खालची कातडी गुलाबी, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी.
मी अर्ज केला.
उत्तर आलं: तीन दरपत्रकं जोडा.

म्हणून सुभाषनगर.
ज्ञानू सातपुते, वय त्यांनाच नक्की माहीत नाही.
माझ्या वडिलांच्या लग्नातली करकर त्यांच्या हातची.
"कुत्र्याला पायताण?"
"न्हाई, छातीला."
तरी सवयीनं त्यांनी जुना पेपर अंथरला,
जिप्सीला वर उभं केलं,
पेन्सिलीनं चारी पंजे गिरवले,
मग आपणच हसले आणि सुतळी शोधली.
"माणूस पायाचं माप देतानाबी अंग चोरतो," म्हणाले,
"हिनं बगा, हाय तेवढं दिलं."

मी अटी सांगितल्या.
सोल्यूशन नको, रॉकेल नको, वासाचं तेल नको.
नाकावर पगार आहे तिचा.
"मग चिकटवत न्हाई. वादीनं शिवतो."
म्हशीचं चामडं, हिरडा-बाभळीत मुरलेलं,
त्यांनी तिच्यापुढं धरलं. तिनं हुंगलं,
शिंकली, पुन्हा हुंगलं.
"वास येणारच. म्हैन्यात ह्यो वास हिचाच हुतोय."
बकलासाठी पत्र्याचा डबा उपडा केला.
पितळी कड्या, टांग्याच्या घोड्यांच्या.
टांगे गेले, कड्या राहिल्या.

मग म्हणाले, हात द्या.
मला वाटलं, उठायला आधार हवाय.
त्यांनी माझ्या मुठीभोवती सुतळी फिरवली.
"दोरीला दोन टोकं असत्यात बाई.
तुमचं टोक रुतलं तर तुमी झटका देनार.
झटका कुटं जातोय?"

मी काही बोलले नाही.
ब्रुनो बोलला माझ्या आत.
माझा पहिला, साखळीवर शिकलेला,
मी तेव्हा तेवीस वर्षांची आणि फार कडक.
निवृत्त झाला तेव्हा पाणी पितानाही खोकायचा.
अहवालात कारण: वय.
खाली सही माझी.

बारा दिवसांनी जिनगरी पूर्ण झाली.
छातीवर इंग्रजी वायसारखी,
काखेपासून दोन बोटं लांब,
मुठीच्या जागी मऊ शेरडाची कातडी.
हे चढलं की काम, उतरलं की चेंडू,
एवढं तिला तिसऱ्या दिवशीच कळलं.
मला जास्त दिवस लागले.
अजूनही वळणावर माझं मनगट आधी आवळतं,
मग आठवतं.

बिल स्टोअरमध्ये दिलं.
सातपुत्यांच्या छापील पावतीवर एकच रकाना:
पायताण. नग: १.
कारकुनानं चष्मा वर केला.
"एकच? जोड कुठाय?"
मी खिडकीबाहेर पाहिलं.
जिप्सी लिंबाखाली बसली होती,
दोरी खांबाला बांधायची मी विसरले होते.
ती तिच्या पुढ्यात पडली होती,
आणि जिप्सी दाराकडं बघत होती.